सायकल : दुरुस्त करू की बदलून टाकू?

होस्टेलच्या मागे जे पत्र्याचं सायकल स्टँड आहे ना, तिथे एकदा निवांत जाऊन उभे राहा. तिथल्या निम्म्या सायकली कुणीच चालवत नाही. कुणाच्या मागच्या चाकात हवा नाही, कुणाची चेन गंजून लाल झालीय, एकीच्या सीटवर तर कबुतराने संसार मांडलाय. यांचे मालक पास होऊन केव्हाच पुण्याला नोकरीला लागले. पण एक सांगतो, यातली एकही सायकल मोडून मेलेली नाही. 'एकदा रिपेअरला टाकायचीय' असं म्हणता म्हणता त्या मेल्या.

माझीही त्याच रांगेत जाणार होती. ती नानांची सायकल. नाना म्हणजे माझे वडील. याच सायकलवर त्यांनी दोन बाजूंना दुधाच्या किटल्या लावून डेअरीला दूध घातलंय. २२ इंची फ्रेम, डबल बार, दांड्यांचे ब्रेक. कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलंय. सेकंड इयरला असताना टेंपोत टाकून ती होस्टेलला आणली आणि ऑइल-पाणी न बघता वर्षभर हाणली.

मग जुलैत एका संध्याकाळी भुरभूर पावसात विळद घाटाच्या उताराने देहऱ्याकडे निघालो होतो. पुढे एक ट्रक हळू झाला. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि... काहीच झालं नाही! ब्रेकचे गट्टू रिमवर नुसते साबणासारखे घसरत होते. शेवटी चप्पल रस्त्यावर घासत सायकल डावीकडच्या चारीत घातली. गुडघा फुटला, चप्पल गेली, ट्रकवाल्याला तर कळलंही नाही. रात्री रूमवर बसून जी चर्चा झाली, तिच्यातून हा लेख निघाला.

रूम पार्टनर म्हणाला, "गिअरचा किट टाक आणि डिस्क ब्रेक लाव. एकदम झकास." शेजारच्या रूममधला सिव्हिलवाला म्हणाला, "भंगारात घाल. किलोवर जाईल, वजन चांगलंय." मी घरी फोन लावला. नाना चारीचं ऐकून आधी दोन मिनिटं बोलले ते इथे छापता येणार नाही. मग म्हणाले, "फ्रेम सरळ हाय का बघ आधी. फ्रेम अन् चिमटा चांगला आसंल तर बाकी समदं सुटं मिळतंय."

आपण तीन वर्षं मशीन डिझाइन शिकतो, पण प्रश्न कुठून सुरू करायचा ते नानांनी एका वाक्यात सांगितलं. सायकलचा निर्णय फ्रेमपासून सुरू होतो, ब्रेकपासून किंवा चेनपासून नाही. फ्रेम गेली असेल तर बाकीच्यावर टाकलेला प्रत्येक रुपया वाया. फ्रेम शाबूत असेल तर सायकल म्हातारी असते, पण मेलेली नसते.

फ्रेम तपासायला वर्कशॉप लागत नाही, एक दोरी लागते. हॅण्डलखालच्या नळीला दोरी अडकवा, तिची दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंत ताणा, आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर फ्रेम सरळ. माझ्या सायकलीला दीड-दोन मिलिमीटरचा फरक आला, तो चालतो. मग ओल्या फडक्याने सगळे सांधे पुसून बघा, विशेषतः हॅण्डलच्या नळीला खालची तिरपी नळी जिथे मिळते तो सांधा आणि चिमट्याचा माथा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून गंज डोकावत असला तर सावध व्हा. जुन्या सायकलींचे नळीचे सांधे लग घालून ब्रेझिंग केलेले असतात. त्यामुळे फ्रेमची एखादी नळी जाणकार माणूस दुरुस्त करू शकतो. पण चिमट्याला तडा असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. चिमटा तुटला की माणूस थेट तोंडावर पडतो. तो सरळ नवा घ्यायचा.

पोलादाचा आणखी एक गुण एस-एन कर्व्हमध्ये आपण घोकलेला आहे. ठरावीक मर्यादेच्या खालचा ताण पोलाद कितीही वेळा सोसतं, अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. पेपरात हे चार मार्कांना येतं. नानांची सायकल इतकी वर्षं किटल्या वाहून सरळ का राहिली, त्याचं उत्तर बरंचसं त्याच चार मार्कांत आहे.

आता 'बाकी समदं सुटं मिळतंय' याकडे येऊ. हे वाक्य फक्त आपल्या काळ्या, उंच, जुन्या सायकलीला लागू आहे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने इंग्लंडमध्ये 'रोव्हर' सायकल आणली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ही मांडणी तिच्यापासून रूढ झाली. पुढे इंग्रजांची जी 'रोडस्टर' घडली तीच आपल्याकडे आली. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. कंपन्या वेगळ्या, पण रोडस्टरची मापं जवळपास तीच. त्यामुळे शेवगावच्या बाजारात घेतलेली कॉटर पिन राहुरीतल्या सायकलला बसते. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. तरी गावोगावच्या अॅटलास सायकली अनाथ झाल्या नाहीत. आपण ज्याला 'इंटरचेंजेबिलिटी' म्हणून पाठ करतो ती हीच.

आणि 'अपग्रेड' करताना आपण नेमकी हीच गोष्ट गमावतो. हे मला गिअर किटच्या नादात कळलं. नगरला दिल्ली दरवाज्याच्या बाजूला चौकशी करत फिरलो, शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्री चाचांनी मला स्टुलावर बसवून हिशोब सांगितला. "बेटा, गिअर बसव, माझं काय जातंय? पण मग ऐक." मागे पाच-सहा चकत्यांचं फ्रीव्हील बसवायचं तर ते रुंद असतं, म्हणून एक्सल लांब लागतो. एक्सल लांब झाला की फ्रेमचे मागचे दोन पाय फाकवावे लागतात. चाक मधोमध यावं म्हणून सगळ्या तारा सैल-घट्ट करून रिम एका बाजूला सरकवायची. आपली चेन रुंद, एक अष्टमांश इंचाची. गिअरला अरुंद, तीन बत्तीसांश इंचाची लागते. डिरेलर अडकवायला फ्रेमला कान नसतो, तो वेगळा लावायचा. चेनकव्हर काढून टाकायचं, मग पँटचा पाय चेनमध्ये. एवढं करून बिघडलं की गावाकडच्या मिस्त्रीकडे त्याचा एकही पार्ट नाही!

डिस्क ब्रेकचं तर विचारूच नका. त्याला हब वेगळा, चिमट्याला कॅलिपर धरायला जागा वेगळी. साधा कॅलिपर ब्रेक लावू म्हटलं तर तो रिमला दोन्ही कडांनी धरतो. आपल्या दांड्यांच्या ब्रेकचे गट्टू रिमच्या आतल्या बाजूला, एक्सलकडून दाबतात, आणि रिमचा आकारही तसाच गोलसर असतो. तिच्या कडा कॅलिपरसाठी सपाट नसतात. म्हणजे ब्रेक बदलायला रिम बदला. अलॉय रिम घेऊ म्हणावं तर रोडस्टरच्या पुढच्या हबला ३२ आणि मागच्याला ४० तारा, बाजारातल्या अलॉय रिमा बहुतेक ३६ भोकांच्या. म्हणजे हबही बदला. हब बदलला की तारा बदला. एका ब्रेकपायी दोन अख्खी चाकं! मारुतीच्या शेपटासारखं हे वाढतच जातं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो : हा एक भाग बदलला तर आणखी किती भाग बदलावे लागतील? उत्तर 'एकही नाही' किंवा 'एखादा' असेल तर खुशाल बदला. तीन-चारच्या पुढे गेलं तर ते अपग्रेड नाही, तुकड्या-तुकड्यांनी महाग पडणारी नवी सायकल आहे. मग सरळ जुनी गिअरवाली सायकल शोधा आणि ही गावाला परत न्या.

टायरच्या बाबतीत तर 'एकही नाही' असं उत्तर असूनही लोक फसतात. २८ इंची म्हणून टायर मागाल तर दोन वेगळ्या मापांचं मिळू शकतं. आपल्या रोडस्टरच्या २८ गुणिले दीड टायरचा आतला व्यास ६३५ मिलिमीटर. हल्लीच्या हायब्रिड सायकलींचं ७००-सी टायरही २८ इंचीच म्हणून ओळखलं जातं, पण ते ६२२ चं. २६ इंचीमध्ये तर आणखी घोळ. २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश असं लिहिलेलं साधं टायर ५९० चं, आणि २६ गुणिले १.९५ लिहिलेलं जाड गोट्यांचं एमटीबी टायर ५५९ चं. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४०-६३५ असा आकडा असतो, तो आधी वहीत लिहून घ्या आणि मगच नगरला जा. आमच्या विंगमधला एक जण ५५९ चं टायर ५९० च्या रिमवर चढवायला तासभर झटला आणि मेसमधला चमचाही वाकवून बसला. (रेक्टर सर, चमचा नंतर सरळ करून ठेवलाय.)

असो. ब्रेकवर येतो, कारण चारीत मी त्याच्यामुळे गेलो. थोडं गणित करू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक चांगले असतील आणि ०.५ जी एवढं मंदन मिळालं असं धरलं, तर थांबायला साधारण ७ मीटर लागतात. फक्त मागचा ब्रेक दाबला तर वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. ०.२५ जी धरा, १४ मीटर झाले. आणि ओल्या गुळगुळीत पोलादी रिमवर, जुन्या कडक गट्टूंनी, समजा ०.१ जीच मिळालं, तर ३५ मीटर! त्यात रस्ता उताराचा असेल तर त्याहून जास्त. माझ्यात आणि ट्रकमध्ये तेवढी जागा नव्हती, इतकी साधी गोष्ट आहे. पोलादी रिम ओली झाली की ब्रेक ढिला पडतो हा तिचा स्वभाव आहे, तो आपण बदलू शकत नाही. पण माझे गट्टू पाहिले तेव्हा ते काचेसारखे चकचकीत आणि नखाने न दबणारे झाले होते. म्हणजे सायकलचा दोष थोडा, माझा जास्त.

उपाय काय केला? चारही गट्टू नवे. पितळी ब्रशने रिमच्या आतला गंज आणि तेलाचा थर काढून रॉकेलच्या फडक्याने पुसलं, मग साबणाच्या पाण्याने धुतलं. दांड्यांच्या सांध्यांत ढिलाई होती, तिथले नट आवळून गट्टू आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर ठेवलं. सगळा खर्च दोन मित्रांच्या चहा-वड्याइतका. शिवाय एक सवय लावून घेतली. पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलका टेकवत राहायचं, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. आणि खरं सांगायचं तर पावसात विळदचा उतार मी आता हातात सायकल धरून उतरतो. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

चेनचा निर्णय सगळ्यात सोपा, कारण तो मोजून घेता येतो. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणून एका पिनच्या मध्यापासून २० कड्या मोजा. नव्या चेनला बरोबर २५४ मिलिमीटर भरतात. चेन 'ताणली जाते' असं आपण म्हणतो, पण पत्ती ताणली जात नाही. पिन आणि बुश घासून प्रत्येक सांध्यात थोडी थोडी फट पडते. गिअरच्या सायकलला २५५.३ च्या आसपास, म्हणजे अर्धा टक्का वाढ दिसली की चेन बदलावी. आपल्या एक गिअरवाल्या सायकलला एक टक्क्यापर्यंत, २५६.५ पर्यंत थांबलं तरी चालतं. त्यापुढे गेली तर तिने फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात. मग नुसती नवी चेन टाकली तर ती जुन्या दातांवर बसत नाही, चढावर जोर लावला की टकाटक उड्या मारते. माझी २५९ भरली. म्हणजे चेन आणि फ्रीव्हील दोन्ही गेले.

आणि इथेच मी एकमेव 'अपग्रेड' केलं. फ्रीव्हील घ्यायचंच होतं, तर १८ दातांच्या जागी २० दातांचं घेतलं. पुढच्या चक्क्याचे दात ४८. चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर. आधी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.९६ मीटर जायची, आता ५.३६ जाते. चढावर पायाला दहा टक्के जोर कमी लागतो. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १९ किलोमीटर मिळतात, आपल्याला कुठे शर्यत लावायचीय? आटे तेच, चेन तीच, फक्त चाक दोन दातांमुळे सहाएक मिलिमीटर पुढे सरकलं आणि मागच्या ब्रेकची दांडी पुन्हा जुळवावी लागली. २२ दातांचंही मिळतं, पण त्या आधी ते चेनकव्हरला घासतंय का ते बघा. एमआयडीसीच्या बाजूने समोरून वारा असताना कॉलेजला येणाऱ्यांनी हा बदल करून बघाच.

बाकी सगळी दुरुस्तीच. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा 'टक' असा आवाज येत असेल तर बहुतेक कॉटर पिन घासलीय. ती वेळीच बदलली तर किरकोळ खर्च. तशीच हाणली तर क्रँकचं भोक मोठं होतं आणि मग क्रँकच बदलावा लागतो. चाचांनी एक गोष्ट दाखवली ती सांगतो. पिन ठोकताना क्रँकच्या खाली पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवायचा. नाहीतर हातोडीचा प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर बसतो आणि कटोरीत खड्डे पडतात. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. नटने पिन ओढायची नसते. पिन ठोकून बसवायची, नटने फक्त जागेवर राखायची. चार-पाच किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ठोकून नट आवळायचा. मी हे विसरलो आणि दुसऱ्याच दिवशी डावा पायडल लटपटायला लागला.

छरे बदलायचे तर एका बाजूचे सगळे एकदम. बीबीला प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छरे बसतात. दोन-चार हरवले म्हणून तेवढेच नवे टाकले तर नवे थोडे मोठे असतात आणि सगळा भार तेच उचलतात. कोन आणि कटोरी बोटाने चाचपून बघा. गुळगुळीत लागली तर रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून परत बसवा. खड्डे लागले तर तो कोन फेकून द्या, ग्रीसने खड्डा भरत नसतो.

हलकी सीटपोस्ट, हलकं हॅण्डल असलं काही सुचलं तर वजनाचा हिशोब करा. आपण ६० किलो, सायकल २० किलो. एक किलो कमी केलं तर एकूण वजनात सव्वा टक्का फरक. त्यापेक्षा टायरमध्ये पुरती हवा ठेवलेली बरी, ती वॉचमनकाकांच्या पंपाने फुकट मिळते.

हल्ली मोटारीचा किट बसवायचा विचारही काही जण करतात. नगरकरांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळलाय. कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली, तिलाही पायडल होते. पण त्यांनी रोडस्टरला इंजिन बांधलं नाही, त्या वेगाला झेपेल अशी फ्रेम, चाकं आणि ब्रेक वेगळे बनवले. ओल्या रिमवर ताशी ३० ला माझं काय झालं ते वर सांगितलंच. मोटार बसवायच्या आधी ब्रेकचा हिशोब करा.

ज्यांच्याकडे एमटीबी आहे त्यांना मात्र मोकळीक जास्त. त्यांच्या रिमा बऱ्याचदा ३६ भोकांच्या, ब्रेक कडेला धरणारे. पोलादी रिम काढून अलॉय टाकली तर पावसात ब्रेक खरंच सुधारतो, आणि बहुतेक वेळा हब तोच राहतो. हे अपग्रेड मी करायला सांगेन. पुढच्या स्वस्त शॉकअबला तडा गेला किंवा तो तेल गाळायला लागला तर मात्र तो उघडत बसू नका, साधा चिमटा टाका.

राहता राहिलं ते स्टँड. मी रेक्टर सरांना लेखी अर्ज दिलाय की ज्या सायकलींचे मालक पास आऊट झालेत त्यांना एकदा फोन करावा, आणि ज्यांना नकोत त्यांच्या सायकली वर्कशॉपच्या शेडमध्ये घ्याव्यात. दोन गेलेल्या रोडस्टरमधून एक चालती नक्की निघते, कारण मापं एकच आहेत. पहिल्या वर्षाची पोरं मेसपासून गेटपर्यंत पायी तंगडतोड करतात, त्यांच्या कामाला येतील. कबुतराचं घरटं असलेली शेवटी घेऊ.

दिवाळीला सायकल चालवतच गावी न्यावी असं डोक्यात आहे. नानांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मागलं टायर कसंय?" मी म्हणालो, कडेला थोडं फाटलंय, पण चालेल. नाना म्हणाले, "मंग यष्टीनं ये."

टायर घ्यायला शनिवारी नगरला जातोय. ४०-६३५. कुणाला काही आणायचं असेल तर रूमवर येऊन माप लिहून द्या.